लकव्यानंतर पाय चालायला लागतो, मग हात मागे का राहतो?

अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा झाला, की पहिले काही दिवस सगळं घर दवाखान्यात असतं. मग पेशंट घरी येतो. महिन्या-दोन महिन्यांत भिंतीला धरून, पुढे काठी घेऊन चालायला लागतो. घरच्यांना हायसं वाटतं. हात मात्र मांडीवर पडून राहतो. वस्त्यांमध्ये फिरताना आम्ही हे वाक्य अनेक घरांत ऐकतो, "पाय आला, पण हात काही आला नाही."

पाय आणि हात दोन्ही एकाच आजाराने गेले. मग एक परत येतो आणि दुसरा मागे राहतो, असं का? त्याची कारणं एकाहून जास्त आहेत. बोटांचं बारीक काम मेंदूसाठी पाय टाकण्यापेक्षा अवघड असतं. पण एक कारण असं आहे, ज्यावर घरातली माणसं रोज काहीतरी करू शकतात. संडासला जायचं तर दोन्ही पाय टाकावेच लागतात, त्यामुळे अधू पायाला सुट्टी मिळत नाही. जेवायचं, पाणी प्यायचं, अंगात कपडा घालायचा तर दुसरा हात आहेच. अधू हाताला कोणी कामच सांगत नाही. वापर नाही म्हणून सुधारणा नाही आणि सुधारणा नाही म्हणून वापर नाही, असा हा फेरा आहे. तो तोडायचा कसा, यावर जगात गेली अनेक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातून हाती काय आलं आणि आपल्या घरात त्याचं काय करायचं, ते या वेळी पाहू.

दुखणं मेंदूत आहे

लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू, स्ट्रोक ही एकाच आजाराची नावं. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू जाते आणि उजव्या बाजूला झाली तर डावी. हाताची हाडं, स्नायू, नसा जागच्या जागी असतात. हुकूम सोडणारा मेंदूतला भाग किंवा हुकूम नेणारी तार तुटलेली असते.

म्हणून नुसतं तेल चोळून हात परत येत नाही. चोळल्याने बरं वाटतं, अंग मोकळं होतं, त्याला आमची ना नाही. पण मेंदूला नव्याने शिकवायचं काम मालिश करत नाही. कबुतराचं रक्त लावणं, दोरा बांधणं, उतारा टाकणं याने तर काहीच होत नाही. पैसे जातात आणि सगळ्यात मोलाचे पहिले महिने जातात.

मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण त्याच्या आजूबाजूचा मेंदू नवं काम शिकू शकतो. १९९६ मध्ये रँडॉल्फ नूडो यांनी माकडांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हात चालवणाऱ्या मेंदूच्या भागात छोटी इजा झाल्यावर काही माकडांना छोट्या खळग्यांतून खाण्याचे दाणे उचलण्याचा रोज सराव दिला. त्यांच्या मेंदूत इजेच्या शेजारचा हाताचा भाग टिकला, काहींमध्ये तर वाढला. ज्यांना सराव मिळाला नाही, त्यांच्यात वाचलेला भागही आकसला होता. थोडक्यात, इजेतून वाचलेला मेंदूसुद्धा वापराविना हाताला विसरू लागतो.

हात 'न वापरायला' शिकतो

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली. माकडाच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या, तर हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरेनासं होतं. चांगला हात बांधून ठेवला की तोच 'निकामी' हात कामाला लागतो. टॉब यांनी सांगितलं की सुरुवातीला प्रयत्न फसतात, म्हणून प्राणी तो हात न वापरण्याची सवय लावून घेतो. पुढे हलवण्याची ताकद आली तरी सवय तशीच राहते.

या ज्ञानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेतल्या १७ माकडांच्या हालअपेष्टांवरून १९८१ मध्ये पोलिसांचा छापा पडला आणि तो खटला अमेरिकाभर गाजला. आज पेशंटला मिळणाऱ्या उपचारामागे मुक्या जिवांच्या यातनाही आहेत.

टॉब यांच्या विचारातून माणसांसाठी एक पद्धत आली. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि अधू हाताकडून कामं करून घ्यायची. तिची मोठी परीक्षा 'एक्साइट' या अभ्यासात झाली. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ लोक त्यात होते. एका गटाने दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात मोजा घातला आणि कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव केला. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. ठरावीक कामं करायला किती सेकंद लागतात, ते वर्षभरानंतर मोजलं. मोजा घालणाऱ्या गटाचा वेळ सरासरी १९.३ सेकंदांवरून ९.३ वर आला. दुसऱ्या गटाचा २४ वरून १७.७ वर आला.

एक अट लक्षात ठेवा. या अभ्यासात ज्यांना मनगट आणि बोटं थोडी तरी स्वतःहून उचलता येत होती, असेच लोक घेतले होते. ज्यांचा हात अजिबात हलत नाही त्यांचा चांगला हात बांधून ठेवणं म्हणजे माणसाला छळणं आहे.

किती वेळा?

लहान मूल चमचा धरायला शिकतं तेव्हा शेकडो वेळा सांडतं. मेंदूचं शिकणं असंच चालतं. कॅथरीन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या सात ठिकाणी थेरपीची ३१२ सत्रं बसून पाहिली आणि पेशंट अधू हाताने कामाची हालचाल किती वेळा करतो ते मोजलं. २००९ मध्ये उत्तर आलं, एका सत्रात सरासरी ३२ वेळा. प्राण्यांच्या प्रयोगात हाच आकडा दिवसाला काहीशेच्या घरात असतो. श्रीमंत देशांतल्या चांगल्या केंद्रांत ३२, मग आपल्याकडे आठवड्यातून एकदा रिक्षाचे पैसे घालून जाणाऱ्याच्या वाट्याला किती येत असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मग नुसता आकडा वाढवला की झालं का? तसंही नाही. लँग यांच्याच २०१६ च्या अभ्यासात, झटका येऊन बरेच महिने उलटलेल्या ८५ लोकांना ३,२०० पासून ९,६०० पर्यंत वेगवेगळ्या संख्येने सराव दिला. जास्त आकड्याच्या गटाची सुधारणा जास्त झाली, असं दिसलं नाही. तेव्हा मोजणं हवं, पण मन लावून, खऱ्या कामाचं आणि हळूहळू अवघड होत जाणारं करणंही हवं. टीव्हीकडे बघत हजार वेळा हात हलवण्यापेक्षा वाटीतले शेंगदाणे एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकणं मेंदूला जास्त शिकवतं.

कधी?

आपोआप होणारी सुधारणा बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होते. त्या काळात मेंदू शिकायला जास्त तयार असतो, असं प्राण्यांच्या अभ्यासात दिसलं होतं. माणसांतही तसंच असतं का, हे अलेक्झांडर ड्रोमेरिक यांच्या गटाने अमेरिकेत ७२ पेशंटांवर तपासलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना हाताचा वीस तास जादा सराव मिळाला, फक्त वेळ वेगळी होती. काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन-तीन महिन्यांनी, काहींना सहा महिन्यांनंतर. वर्षअखेर सगळ्यात जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला, पहिल्या महिन्याच्या गटाला थोडा कमी. सहा महिन्यांनंतरच्या गटात तेवढ्या वीस तासांनी ठळक फरक पडला नाही.

पण घाईही नको. याच संशोधकांच्या २००९ च्या अभ्यासात झटक्यानंतर लगेच, दवाखान्यातच, रोज फार जोरात सराव घेतलेल्यांची सुधारणा उलट कमी झाली होती. पहिले काही दिवस बेताने, मग वाढवत न्यायचं.

वर्ष उलटलेल्यांनी आशा सोडायची का? नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथे तीन आठवड्यांत ९० तास हाताचे उपचार देणारा एक कार्यक्रम आहे. तिथल्या २२४ लोकांचे निकाल २०१९ मध्ये आले. त्यांतल्या निम्म्या लोकांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त काळ झाला होता. तरीही हात सुधारला आणि सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा सुधारणा टिकून होती. उशीर झाला की जास्त कष्ट लागतात, पण दार बंद होत नाही.

कोणाचा हात किती येईल?

हा प्रश्न घरचे दबक्या आवाजात विचारतात. नेदरलँड्समधल्या १८८ पेशंटांच्या २०१० च्या अभ्यासाने दोन साध्या खुणा सांगितल्या. झटक्यानंतर तीन दिवसांच्या आत बोटं थोडी तरी सरळ करता येतात का? हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलता येतो का? दोन्ही जमत असेल तर सहा महिन्यांनी हाताचं काही कसब परत येण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही जमत नसेल तर २५ टक्के.

हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. २५ टक्के म्हणजे चारांत एक. पण खोटी आशा लावून कर्ज काढायला लावणाऱ्यांपासून सावध राहायला ते उपयोगी पडतात. "महिन्यात हात शंभर टक्के उभा करतो" असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून उठून यावं.

घरी काय करायचं?

कॅनडात जॅनिस एंग यांच्या गटाने पेशंटसाठी हाताच्या 'गृहपाठा'ची एक वही तयार केली. २००९ मध्ये १०३ पेशंटांवर तिचा अभ्यास झाला. रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, चार आठवडे. नेहमीची थेरपी चालूच होती, त्यात स्वस्त, साध्या वस्तूंनी पेशंटने स्वतः करायचा हा सराव जोडला. त्यांचे हात इतरांपेक्षा चांगले सुधारले. ही रीत आपल्या घरात बसते. फिजिओथेरपिस्टला एकदा हात दाखवून, कुठून सुरुवात करायची ते विचारून घ्या आणि मग असं करा.

हात अजिबात हलत नसेल तर: बसताना हात उशीवर किंवा मांडीवर ठेवलेल्या पाटावर टेकवा, लोंबकळू देऊ नका. दोन्ही हातांची बोटं गुंफून फडक्यावर ठेवा आणि फडकं पाटावरून पुढे-मागे सरकवा. आरशाचा सराव करा. हात झाकेल एवढा आरसा दोन्ही हातांच्या मधे उभा ठेवायचा, अधू हात आरशामागे, चांगला हात समोर. आरशात बघत चांगला हात हळूहळू उघडायचा-मिटायचा आणि अधू हातानेही तेच करायचा प्रयत्न करायचा. डोळ्यांना अधू हातच हलतोय असं दिसतं आणि मेंदूला चालना मिळते. १९९९ मध्ये नऊ पेशंटांपासून याची सुरुवात झाली. २०१८ मध्ये ६२ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हाही याचा उपयोग होतो असंच दिसलं. आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावा, म्हणजे हात कापणार नाही.

खांदा आणि कोपर थोडं हलत असेल तर: रिकामा डबा पाटावरून ढकलून ठरलेल्या खुणेपर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. अधू हाताने ताट दाबून धरायचं आणि चांगल्या हाताने जेवायचं. दार ढकलायचं, दिव्याचं बटण दाबायचं.

बोटं थोडी उघडत असतील तर: राजमा, चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. शेंगा सोलायच्या, कणकेचा गोळा चेपायचा, शर्टाची बटणं लावायची. मूठ मिटणं आधी परत येतं, उघडणं उशिरा. म्हणून नुसता चेंडू दाबत बसू नका, बोटं उघडून वस्तू सोडण्यावर भर द्या. चांगल्या हातातला मोजा काही आठवड्यांनंतर, फिजिओथेरपिस्टला विचारून, दिवसातले एक-दोन तास बसून काम करताना वापरता येईल. चालताना, जिन्यावर, चुलीपाशी मोजा नको. तोल गेला तर चांगला हात मोकळा हवा.

सराव पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत वाटा. कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहा. पन्नासपासून सुरू करून वाढवत न्या. योग्य मार्गदर्शनाखाली तासाभरात तीनशे वेळा करणं पेशंटांना जमतं, हेही अभ्यासात दिसलं आहे. दहापैकी दहा वेळा जमलं तर काम थोडं अवघड करा. दहापैकी तीनदाच जमलं तर सोपं करा. दर रविवारी दहा चिंचोके वाटीत टाकायला किती सेकंद लागतात ते मोजा. सुधारणा इतकी हळू असते की डोळ्यांना दिसत नाही, पण आकड्यात दिसते आणि माणसाला हुरूप येतो.

काय टाळायचं?

उठवताना अधू हाताला धरून ओढू नका. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात, सांधा खाली सरकतो आणि अशी दुखी लागते की पेशंट पुढे हाताला हात लावू देत नाही. आधार द्यायचा तो कमरेला आणि पाठीला. आढ्याला दोरी-कप्पी लावून चांगल्या हाताने अधू हात वर खेचायचा व्यायामही करू नका, त्यानेही खांदा दुखावतो. हाताची संवेदना गेली असेल तर गरम चहा, तवा यांपासून जपा, भाजलेलं कळत नाही.

बीपीची, साखरेची गोळी 'बरं वाटतंय' म्हणून बंद करू नका. तंबाखू, मिश्री, विडी सोडा. पहिला झटका आलेल्याला दुसऱ्याचा धोका असतो आणि हातावर घेतलेली सगळी मेहनत त्यात वाहून जाते. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं तर त्याच क्षणी १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट, मायेने पेशंटचं सगळं स्वतः करू नका. आई घास भरवते, सून बटणं लावते, मुलगा पाणी पाजतो. प्रेमच आहे ते, पण त्यात हाताची शाळा बुडते. सांडू द्या, वेळ लागू द्या. घरातल्या बाईला लकवा झाला तर उलटंही होतं. तिच्या व्यायामाला कोणाला वेळ नसतो आणि ती उभी राहिली रे राहिली की एका हाताने भांडी घासायला लागते. तिचा तास तिला मिळालाच पाहिजे, तो घरातल्या पुरुषांनी सांभाळावा.

घर एकटं पुरणार नाही

आता एक कडू गोष्ट. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० पेशंटांवर 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला. घरच्यांना दवाखान्यातच शिकवलं आणि घरी गेल्यावर त्यांनी पेशंटकडून सराव करून घ्यायचा, अशी ती योजना. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले पेशंट दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के होते. म्हणजे घरच्यांना थोडंसं शिकवून फिजिओथेरपिस्टचं काम त्यांच्या अंगावर टाकलं, तर तेवढ्याने भागत नाही. घरचा सराव हवाच, पण त्याला जाणत्या माणसाची नजर आणि वेळोवेळी दुरुस्ती हवी.

महाग यंत्रांच्या मागे धावायचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटांवर हाताच्या रोबोटची परीक्षा झाली. २०१९ च्या निकालात, हाताच्या कामात रोबोट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. कमी पडतो तो माणसाचा वेळ आणि सराव.

म्हणून सरकारी रुग्णालयातून सुट्टी घेताना कागदावर सही करण्याआधी विचारा: फिजिओथेरपी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत? ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवणारे, आहेत का? घरचा सराव लिहून द्या. पुन्हा तपासणी कधी? उत्तर मिळत नसेल तर वस्तीतल्या चार पेशंटांच्या घरच्यांनी मिळून लेखी मागणी करा. हात कायमचा अधू राहिलाच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तपासणी करून प्रमाणपत्र मागता येतं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर त्या कायद्यातल्या सवलती लागू होतात. ती कोणाची मेहरबानी नाही.

वस्तीतल्या मंडळात किंवा महिला गटात रोज तासभर दोन-तीन पेशंटांना एकत्र बसवता आलं तर फार चांगलं. एक मोजेल, एक बघेल, एक चिंचोके उचलेल. एकट्याने कंटाळा येतो, चौघांत आकडा वाढतो. तुमच्या गल्लीत मांडीवर हात ठेवून बसलेलं कोणी असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा आणि जाताना दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके बरोबर न्या.